चमच्यावरची तारीख

१.
कोकणातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक ठरलेली वस्तू असते : राणीछाप रुपया. कसालसारख्या गावात, मुंबई-गोवा महामार्गापासून थोडे आत गेले की अशी घरे अजून आहेत. हळद-कुंकवाने काळवंडलेला तो रुपया वर्षातून एकदा बाहेर येतो, पुजला जातो आणि पुन्हा कपाटात जातो. त्यावर मुकुटधारी बाई कोण, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ लिहिले आहे की ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’, हे फारच थोडे जण पाहतात. १८७६ पर्यंतच्या रुपयावर ती राणी आहे, १८७७ पासून सम्राज्ञी. एका शब्दाच्या फरकात एका उपखंडाची राजकीय स्थिती कोरलेली आहे. आजचा धागा असे बारीक अक्षर वाचण्याविषयी आहे.

२.
विषय मात्र नाण्यांचा नाही, चमच्यांचा आहे. ब्रिटिश राजघराण्यातील राज्यारोहणे, ज्युबिली, विवाह यांच्या स्मरणार्थ चांदीचे लहान चमचे काढले जात. त्यांच्या दांडीच्या टोकावर मुकुट, राजाचे मुख किंवा राजचिन्ह असते. खोलगट भागात अथवा दांडीवर तारीख असते. जगभर हे चमचे जमवणारे लोक आहेत. आपल्याकडेही मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, एखाद्या पारशी वा गोवेकर कुटुंबाच्या सामानात ते सापडतात. तेव्हा तरुण अभ्यासकापुढे प्रश्न उभा राहतो : ज्यांचे राज्य घालवण्यासाठी आपले लोक तुरुंगात गेले, त्यांच्या राज्याभिषेकाचे चमचे आपण का जपावेत? या प्रश्नाचे माझे उत्तर धाग्याच्या शेवटी देतो. त्याआधी चमचा वाचायला शिकू.

३.
राजा आणि चमचा यांचा संबंध आला कोठून? आपल्या देवघरात पळी-पंचपात्र असते. पळीने तीर्थ देतात, अभिषेकाची धार सोडतात. इंग्लंडच्या राज्याभिषेकातही एक पळी आहे. चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली, बाराव्या शतकातील. तिचा खोलगट भाग मधल्या कण्याने दोन दालनांत विभागलेला आहे. आर्चबिशप त्यात पवित्र तेल ओततात, दोन बोटे बुडवतात आणि राजाच्या हातांना, छातीला व मस्तकाला लावतात. संपूर्ण समारंभातील हा सर्वांत पवित्र क्षण मानला जातो. १३४९ च्या नोंदीत वेस्टमिन्स्टर ॲबीच्या वस्तूंमध्ये हा चमचा आढळतो, आणि तेव्हाच तो जुन्या घडणीचा मानला गेला होता. स्मरणिका म्हणून विकल्या गेलेल्या असंख्य चमच्यांपैकी अनेक या एका चमच्याच्या प्रतिकृती आहेत.

४.
हा चमचा आज अस्तित्वात आहे, ही गोष्ट मात्र योगायोगाची. १६४९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद केला आणि राजचिन्हे मोडीत काढली. मुकुट वितळवले, रत्ने विकली. राजवस्त्रागारात काम करणाऱ्या क्लेमंट किनर्स्ली नावाच्या इसमाने हा चमचा सोळा शिलिंगांना विकत घेतला. राजेशाही परतली तेव्हा त्याने तो दुसऱ्या चार्ल्सला परत केला आणि १६६१ च्या राज्याभिषेकात तो पुन्हा वापरला गेला. मध्ययुगीन राजचिन्हांपैकी सोनारकामाची ही एकमेव वस्तू उरली. संग्राहकाचे मोल यापेक्षा नेमके सांगता येणार नाही. सोळा शिलिंगांचा एक व्यवहार झाला, म्हणून साडेचारशेहून अधिक वर्षांचा धागा तुटला नाही.

५.
आता रायगडाकडे पाहा. ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेथे हजर होता. सभासदाच्या बखरीत बत्तीस मणांच्या सुवर्णसिंहासनाचे वर्णन आहे. त्या सिंहासनाचा आज मागमूस नाही. आपल्याकडे कोणी किनर्स्ली निघाला नाही. परंतु त्या राज्याभिषेकाची एक स्मरणिका मात्र उरली : नाणे. सोन्याचा होन दुर्मीळ, पण तांब्याची शिवराई गावोगाव पोहोचली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. शिवराईचे प्रकार एकोणिसाव्या शतकापर्यंत लोकांच्या हातांतून फिरत राहिले. भाजीच्या मोबदल्यात दिल्या-घेतल्या जाणाऱ्या तांब्यावर राज्यकर्त्याने आपले पद कोरले, आणि सोन्याने जे साधले नाही ते तांब्याने साधले.

६.
स्मरणिका-चमचा हा त्याच कल्पनेचा औद्योगिक अवतार आहे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथील कारखान्यांत पोलादी ठशांनी चांदीचे पत्रे दाबून एकसारखे हजारो चमचे काढणे शक्य झाले. १८४० मध्ये एल्किंग्टन कंपनीने विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांच्यासाठी मुलाम्याचे चमचे आले. रेल्वे आणि आगबोटींमुळे पर्यटन वाढले आणि ‘अमुक ठिकाणी गेलो होतो’ हे दाखवणारी वस्तू घरी नेण्याची हौस पसरली. अमेरिकेत १८९० च्या सुमारास या चमच्यांचे अक्षरशः वेड लागले होते. नेमक्या याच काळात व्हिक्टोरियाच्या दोन ज्युबिली आल्या : १८८७ ची सुवर्ण आणि १८९७ ची हीरक. राजनिष्ठा आता दुकानात, डबीत घालून मिळू लागली.

७.
चमचा हाती आला की प्रथम तो उलटा करा. पुढची बाजू राजाची, मागची बाजू इतिहासाची. इंग्लिश चांदीवर चार-पाच सूक्ष्म ठसे असतात. त्यांना हॉलमार्क म्हणतात. पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. बिबट्याचे मुख म्हणजे लंडनमध्ये तपासणी झाली. मुकुट म्हणजे शेफील्ड (१९७५ पासून तेथे गुलाब आला). नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर का मिळाला? १७७३ मध्ये दोन्ही शहरांची तपासणी कार्यालये स्थापन होताना लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत बैठका झाल्या आणि दोन शहरांनी त्या नावातील एकेक चिन्ह वाटून घेतले, अशी कथा सांगतात. मालवणी माणसाला हा नांगर विसरता येणार नाही.

८.
सिंह आणि शहर यांच्या शेजारी एक इंग्रजी अक्षर असते. दर वर्षी अक्षर बदलते, आणि ठरावीक वर्षांनी अक्षराची ढब व चौकटीचा आकार बदलतो. तक्त्याशी ताडून पाहिले की चमच्याचे वर्ष कळते. मग कारागिराची आद्याक्षरे. याखेरीज १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राज्यकर्त्याच्या मस्तकाचा एक लहानसा ठसा मारला जाई. १८९० मध्ये चांदीवरील कर रद्द झाला आणि तो ठसाही गेला. म्हणून १८८७ च्या ज्युबिलीच्या चमच्यामागे राणीचे मस्तक करचिन्ह म्हणून असणे अपेक्षित आहे. १८९७ च्या चमच्यामागे ते दिसले तर शंका घ्यावी. चमच्यावर ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरे असतील तर ती वस्तू चांदीची नाही, निकेलमिश्रित धातूवर चांदीचा मुलामा आहे.

९.
येथपर्यंत कोणताही चांगला सराफ आपल्याला शिकवील. इतिहासाच्या अभ्यासकाने पुढचे पाऊल टाकावे. चमच्यावर जी तारीख कोरली आहे, त्या तारखेला महाराष्ट्रात काय चालले होते, हा प्रश्न विचारावा. चमचा एक बाजू सांगतो, दुसरी आपण शोधायची. सुरुवात चमच्यांच्याही आधीपासून, म्हणजे १ जानेवारी १८७७ पासून करू. त्या दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ झाल्याचे जाहीर झाले. संस्थानिकांना सोन्याची, इतरांना चांदीची पदके दिली गेली. त्याच वेळी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका गेले, ते हाताने कातलेल्या सुताची साधी खादी अंगावर घालून. रेशीम, जरी आणि रत्नांच्या त्या गर्दीत ते एक वस्त्र म्हणजेच निवेदन होते.

१०.
दुसरी तारीख : जून १८८७, सुवर्णज्युबिली. मुंबईच्या नव्या भव्य रेल्वेस्थानकाला या निमित्ताने व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थाही त्याच वर्षीची. ज्युबिलीचा उत्साह ओसरला नव्हता तोच, २ मार्च १८८८ रोजी पुण्यात राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. त्या मेजवानीला जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. समोर बसलेले अलंकृत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत आहे, तिला शिक्षण द्या, असा निरोप त्यांनी राणीला पोहोचवण्यास सांगितले. चांदीच्या चमच्यांच्या टेबलावर जोतीरावांनी शेतकऱ्याला बसवले.

११.
तिसरी तारीख सर्वांत धगधगीत. २२ जून १८९७, हीरकज्युबिली. या तारखेचे चमचे बाजारात सहज दिसतात. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या कारभाराने, सोल्जरांकरवी घेतलेल्या घरझडत्यांनी लोक संतापले होते. ज्युबिलीच्या रात्री गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, समारंभ झाला. तेथून परतताना दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. महिन्याभरात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. जगाच्या बाजारात ही तारीख दीपोत्सवाची आहे, मराठी स्मृतीत ती गोळीबाराची आहे. चमचा मात्र एकच आहे.

१२.
याच प्रकरणात आणखी एक वस्तू दोन बाजूंनी वाचावी लागते. मुंबईत व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबलने घडवलेला, १८७२ मध्ये अनावरण झालेला. त्याचा खर्च केला होता बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. पुढे त्या पुतळ्याला डांबर फासले गेले, आणि ते आपणच केल्याचे दामोदर चापेकरांनी आपल्या निवेदनात सांगितले. म्हणजे पैसा मराठी राजाचा, डांबर मराठी तरुणाचे. आज तो पुतळा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात आहे. ‘आपण’ इंग्रजांच्या बाजूने होतो की विरुद्ध, असा सरळ प्रश्न विचारणाऱ्याने त्या पुतळ्यापुढे पाच मिनिटे उभे राहावे. ‘आपण’ एकसंध नव्हतो, हे तेथे कळते.

१३.
आता संग्राहकांच्या विशेष आवडीची गोष्ट. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. चमचे, पेले, पदके, सर्व काही त्या तारखेने तयार होते. दोनच दिवस आधी राजाच्या पोटातील आंत्रपुच्छाजवळचे गळू वाढल्याने तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ पुढे गेला. प्रत्यक्ष राज्याभिषेक झाला ९ ऑगस्ट १९०२ रोजी. त्यामुळे २६ जून कोरलेले चमचे घडूनही न घडलेल्या दिवसाचे आहेत. ‘तारीख चुकली म्हणून दुर्मीळ’ असे सांगून कोणी जादा किंमत मागितली तर फसू नका. माल आधीच तयार झालेला असल्याने चुकीची तारीखच बाजारात मुबलक आहे.

१४.
परंतु मराठी वाचकाने या दोन तारखांमधली पोकळी पाहावी. २६ जून आणि ९ ऑगस्ट यांच्या मध्ये २६ जुलै १९०२ येतो. कोल्हापूरचे शाहू महाराज त्या वेळी याच राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. आणि २६ जुलै रोजी करवीर दरबारच्या गॅझेटमध्ये त्यांचा आदेश प्रसिद्ध झाला : संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. आधुनिक हिंदुस्थानातील आरक्षणाच्या इतिहासातला हा पायाचा दगड. सम्राटाच्या मुकुटाची वाट पाहणाऱ्या त्या रिकाम्या सहा आठवड्यांत, मांडलिक म्हणवल्या जाणाऱ्या एका राजाने आपल्या राज्यात जे केले ते त्या सोहळ्याहून अधिक टिकले. १९०२ चा चमचा कधी हाती आला तर ही मधली तारीख त्यावर मनाने कोरावी.

१५.
कसालहून पश्चिमेला वळणारा रस्ता मालवणला जातो, आणि तेथे कोल्हापूरचे नाते समोर उभे राहते. सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिर छत्रपती राजारामांनी बांधले. १८१२ पर्यंत मालवण कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. त्या वर्षी तहाने ते इंग्रजांकडे गेले. राज्य गेले, पूजा राहिली. सिंहासने हरवलेल्या या भूमीत राजाची स्मृती देवळाने, नाण्याने आणि पोवाड्याने जपली. म्हणूनच राजाची आठवण ठेवण्याची विलायती रीत, म्हणजे विकत मिळणारी चांदी, आपल्या लोकांना परकी वाटली असेल तर नवल नाही. आपल्याकडे आठवण वारशाने येते. तेथे ती दुकानातून आणता येत होती.

१६.
१२ डिसेंबर १९११. दिल्लीचा तिसरा दरबार. पंचम जॉर्ज स्वतः हजर राहिले, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली. त्या प्रसंगी चांदीची पदके वाटली गेली आणि चमचेही निघाले. प्रत्येक संस्थानिकाने पुढे येऊन लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचे, असा दंडक होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकदाच किंचित झुकले आणि पाठ वळवून निघाले. इंग्लिश वृत्तपत्रांत गहजब झाला. त्यांना खुलाशाचे पत्र द्यावे लागले. हेतू होता की गोंधळ, यावर आजही वाद घालता येतो. परंतु मेळ्यात एक पाठ दिसली, आणि ती लोकांच्या लक्षात राहिली.

१७.
त्याच वर्षीच्या रुपयाची फजिती तरुण संग्राहकांना ठाऊक असावी. पंचम जॉर्जच्या झग्यावर एका राजसन्मानाच्या साखळीत हत्ती कोरलेला होता. आखूड सोंड आणि जाड पाय यांमुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी मागे घेण्यात आली, आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरून काढण्यात आला. म्हणून १९११ चा रुपया ‘डुक्कर रुपया’ म्हणून ओळखला जातो. नखाएवढ्या हत्तीने साम्राज्याच्या टांकसाळीला माघार घ्यायला लावली. प्रजा आपल्या राजाची नाणी किती बारकाईने पाहत होती, याचा हा पुरावा. आपण तितके तरी पाहावे.

१८.
आता कधीच मुकुट न घातलेल्या राजाचा चमचा. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजी ठरला होता. ११ डिसेंबर १९३६ रोजी त्याने गादी सोडली, पण त्याच्या स्मरणिका आधीच मोठ्या संख्येने तयार झाल्या होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यावर त्याचे मुख कधी आले नाही; कच्छ आणि जोधपूर संस्थानांनी मात्र १९३६ मध्ये त्याच्या नावाची नाणी पाडली. आणि हाच एडवर्ड, युवराज असताना, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला तेव्हा बहिष्कार आणि दंगल यांनी शहर पेटले. दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसवली गेली. ज्याला स्वतःला राज्याभिषेक लाभला नाही, त्याच्या हातून छत्रपतींच्या स्मारकाची सुरुवात झाली. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा तेथे १९२८ पासून उभा आहे.

१९.
आणखी दोन तारखा. ६ मे १९३५, पंचम जॉर्जचा रौप्यमहोत्सव. या सुमारास इंग्लिश चांदीवर नेहमीच्या ठशांबरोबर राजा-राणीच्या जोडमुखांचा खास ठसा मारण्याची मुभा होती. तो दिसला की चमचा त्याच काळातला समजावा. आपल्याकडे गेटवे ऑफ इंडियाचे चित्र असलेले टपाल तिकीटही याच महोत्सवाचे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. पुढची तारीख १२ मे १९३७, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक. त्याच्या दोन दिवस आधी, १० मे रोजी, १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांवरील निर्बंध उठले. मालवणपर्यंतचा हा सारा किनारा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ मध्ये.

२०.
२ जून १९५३ च्या चमच्यांवर दुसरी एलिझाबेथ आहे. मागच्या बाजूस पाहिले तर राणीच्या मस्तकाचा एक ऐच्छिक ठसाही सापडू शकतो. तो त्या एक-दोन वर्षांचाच. या चमच्यातून हिंदुस्थान वजा झालेला आहे. ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी १९४८ मध्येच सोडण्यात आली होती आणि २६ जानेवारी १९५० पासून आपण प्रजासत्ताक होतो. १८७७ मध्ये रुपयावर आलेला ‘एम्प्रेस’ हा शब्द ७१ वर्षांनी पुसला गेला. धागा जेथून सुरू केला, त्या लक्ष्मीपूजनाच्या ताटाशी हा शेवट जोडून पाहा.

२१.
मग हिंदुस्थानात चमचे घडलेच नाहीत का? घडले. भूजचे ओमरसी मावजी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स, कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी यांची चांदी आज जगभरच्या लिलावांत दिसते. येथे इंग्लंडसारखी तपासणीची सक्ती नसल्याने मालावर फक्त कारखानदाराचा स्वतःचा ठसा असे. आणि रुपयांपासून बनवलेले चमचेही होते : नाण्याला ठोकून वाटी करायची किंवा टोकाशी जोडायचे. रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारात अकरा भाग. सोनाराला विश्वासाचे कच्चे द्रव्य घरबसल्या मिळे. पण हेच चांदीच्या नाशाचेही कारण आहे. लग्न, आजारपण, दुष्काळ आला की रुपये वितळले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि युद्धकाळात जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले गेले. पुढे पूजेच्या ताटापुरते उरले.

२२.
कोणाला जमवायचेच असेल तर चार व्यावहारिक गोष्टी. पहिली : घासून चकचकीत करू नका. पॉलिशने काळपटपणाबरोबर ठसेही झिजतात, आणि ठसा गेला की साक्षीदार गेला. दुसरी : दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, वजन करा, लांबी मोजा. तिसरी : वस्तू कोणाकडून, केव्हा, कोणत्या गावी मिळाली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चौथी : कायदा पाळा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेला ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. नांगराच्या फाळाला हंडा लागला म्हणून तो आपला होत नाही.

२३.
आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. परकी राजांचे चमचे जपावेत का? माझे मत : जपावेत, पण त्यांची स्तुतिपर बाजू वर ठेवून नव्हे. चमचा म्हणजे राज्यकर्त्याने आपल्या घरात पाठवलेले निवेदन आहे. निवेदन फाडून टाकले तर उत्तर कशाला दिले होते, हेच पुढच्या पिढीला कळणार नाही. १८९७ चा चमचा नसेल तर चापेकरांची ती रात्र कोणत्या झगमगाटाविरुद्ध होती, हे शब्दांनी सांगत बसावे लागेल. १९०२ चा चमचा शेजारी असेल तर शाहू महाराजांच्या आदेशाची तारीख अधिक ठळक दिसते. वस्तू वितळवल्याने अपमान वितळत नाही. पुरावा मात्र वितळतो.

२४.
कसालच्या तिठ्यावरून महामार्गाने दक्षिणेला गेले की कुडाळ ओलांडून सावंतवाडी लागते. तेथील राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी लोप पावत चाललेली गंजिफांची कला पुन्हा उभी केली. हाताने रंगवलेली ती गोल पाने आज जिवंत आहेत, कारण कोणीतरी वेळेवर ‘हे टाकू नका’ असे म्हटले. क्लेमंट किनर्स्लीने सोळा शिलिंगांत तेच म्हटले होते. यंदा दिवाळीला ताटातला रुपया पुसण्याआधी आजीला विचारा : हा कोणी आणला, कुठून, कोणत्या कमाईतून? मुंबईच्या गिरणीतून की बोटीवरून? उत्तर मिळाले तर त्याच रात्री कागदावर लिहा, तारीख घाला आणि रुपयाच्या पुरचुंडीत ठेवा. राजाची तारीख धातूवर कोरलेली आहे. आपल्या माणसांची तारीख आपल्यालाच लिहावी लागेल.

धागा समाप्त.